खडू डाव्या हातात

खडू उजव्या हातात असेल तर लिहून घ्यायचं, डाव्या हातात गेला की पेन खाली ठेवायचं.

ओहायोतल्या विद्यापीठात गणिताची पीएच.डी. करायला पोचलो तेव्हा मला जे सल्ले मिळाले, त्यांतला हा एक. बाकीचे सगळ्यांनाच मिळतात. बर्फावर पेंग्विनसारखं चाला, इंडियन स्टोअरमधले पोहे तारीख बघून घ्या, आईला फोनवर सर्दी झाल्याचं सांगू नका. ते मी पाळले नाहीत. त्यामुळे आपटलो, पोट बिघडवून घेतलं, आणि पुण्याहून आलेली ज्येष्ठमधाची पुडी म्हणजे नेमकं काय हे एका गोऱ्या कस्टम अधिकाऱ्याला समजावत बसलो. खडूचा सल्ला मात्र पहिल्या दिवसापासून पाळला. न पाळून सांगतो कुणाला? समोर डॉक्टर अजोआ अंपोन्सा उभ्या होत्या.

बाई घानाच्या, कुमासी शहरातल्या. 'बाई' हे आमचं, म्हणजे माझं आणि दिलीपचं. दिलीप माझा रूममेट, नागपूरचा, माझ्याच वर्गात. सगळं डिपार्टमेंट त्यांना डॉक्टर अंपोन्सा म्हणे, पण शाळेत गणित शिकवणाऱ्यांना आपण जे म्हणत आलो त्याखेरीज दुसरं काही आमच्या तोंडी बसेना. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. त्या गणित विभागातल्या प्राध्यापकांत स्त्री म्हणून त्या एकट्या, आणि आफ्रिकेतून आलेल्याही त्याच एकट्या. त्यांचं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत, पण इतक्या वर्षांनी माझ्या कानात ते मराठीतच वाजतं. तेव्हा तसंच सांगतो.

उंची बेताची, आवाज मात्र मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा. डोक्याला रंगीत कापड असं गुंडाळलेलं, की दारातून आधी ते आत येई आणि मग बाई. थंडीत त्यावर लोकरीची टोपी, त्यावर कोटाची टोपी. "ओहायोत देव फ्रीजचं दार लावायला विसरलाय," असं म्हणत त्या एकेक थर उतरवायच्या आणि मग पिशवीतून ओला टॉवेल काढायच्या. डस्टरवर त्यांचा विश्वास नव्हता. "डस्टर पुसत नाही, कालची चूक आजवर पसरवतो," म्हणायच्या. तास सुरू व्हायच्या आधी सगळा फळा स्वतः ओल्या टॉवेलनं पुसायच्या आणि तो वाळेपर्यंत गप्पा मारायच्या.

याच टॉवेलनं आमच्या दिलीपचा घात केला. पहिल्याच दिवशी तो सगळ्यांच्या आधी वर्गात पोचला. एक बाई फळा पुसतायत हे बघून त्यानं जो अर्थ काढायचा तो काढला आणि अत्यंत अदबीनं म्हणाला, "मॅडम, तो कोपरा राहिला."

बाईंनी कोपरा पुसला. "आता ठीक?"

"एकदम! प्रोफेसर कधी येणार हो?"

"फळा वाळला की," बाई म्हणाल्या.

फळा वाळला. बाईंनी त्याच कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं, दिलीपकडे वळून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "हा कोपरा आता तुझा."

ती गंमत नव्हती, सातबारा होता. त्यानंतर दिलीपनं फळ्यावर जे काही सोडवायचं ते त्या कोपऱ्यातच. बाकीची मुलं ऐसपैस लिहीत सुटायची आणि हा बिचारा खिडकीजवळ मान वाकडी करून मुंग्यांएवढ्या अक्षरांत सिद्धता बसवायचा. "अबे, माझी सिद्धता बरोबर हाय, पण फळा संपून राहिला," असं मला कुजबुजत सांगायचा. पण एक झालं. आमच्यात सर्वांत आखीव, नेमकी आणि आखूड सिद्धता दिलीपची असायची. जागाच नव्हती ना!

बाईंचा विषय होता गाठी. खऱ्याखुऱ्या गाठी, सुतळीच्या, नाडीच्या. एखादी गाठ दोरी न कापता सुटेल की नाही, दोन वेगळ्या दिसणाऱ्या गाठी मुळात एकच आहेत की काय, हे ठरवायचं गणित असतं आणि ते भयंकर अवघड असतं. त्यामुळे बाईंच्या समोर नाडीचे बूट घालून बसणं धोक्याचं. बोलता बोलता त्या वाकत, "जरा दे," म्हणत आणि तुमच्या बुटाची नाडी काढून घेत. तास संपल्यावर अर्धा वर्ग बूट फरफटवत बाहेर पडायचा. शेजारच्या फिजिक्सवाल्यांना वाटायचं, गणितवाल्यांना पायांचा काही आजार आहे.

कुणी काही विधान केलं की बाईंचा एकच प्रश्न: "तुला कोणी सांगितलं?" आवाज चढवून नाही, अगदी आपुलकीनं. पुस्तकात आहे म्हटलं की, "पुस्तकाला कोणी सांगितलं?" आणि एखाद्यानं चुकून 'हे तर ऑब्व्हियस आहे' म्हटलं तर बाई थबकत, दाराकडे बघत, पुन्हा त्याच्याकडे बघत. "कुठे आहेत हे मिस्टर ऑब्व्हियस? सगळे त्यांच्या नावावर काम ढकलतात. बाहेर उभे असतील तर आत बोलव. माझं त्यांच्याशी भांडण आहे." मग त्या मुलाला खरोखर दार उघडून कॉरिडॉरमध्ये डोकावावं लागे आणि परत येऊन सांगावं लागे, की नाहीत.

माणसांची नावंही त्या आपली आपण ठेवत. त्यांच्याकडे मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. अजोआ म्हणजे सोमवारची. त्यांनी मला वार विचारला. मला कुठला माहीत! रविवारी आईला फोन लागला तेव्हा विचारलं.

"गुरुवार," आई क्षणात म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "का रे? कोण विचारतंय? मुलीकडचे?"

"नाही गं, आमच्या गणिताच्या बाई."

"बघतात का त्या पत्रिका? मग वेळही सांग त्यांना. अर्धवट नको."

मी जन्मवेळ सांगितली नाही, पण गुरुवार सांगितला आणि 'याव' झालो. दिलीप शनिवारचा, म्हणून क्वामे. आमचे विभागप्रमुख डॉक्टर पिकरिंग, हे टाय लावूनच जन्माला आले असावेत असे गृहस्थ, बाईंनी त्यांच्या बायकोकडून वार काढला, तो निघाला बुधवार, आणि त्यांना क्वाकु करून टाकलं. भर मीटिंगमध्ये त्या म्हणायच्या, "क्वाकु, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि पिकरिंग टायची गाठ सैल करायचे. ती गाठ बाई फार लक्ष देऊन बघत.

आता डाव्या हाताचं. ते मला कळलं शैलाकाकूंच्या घरी.

शैलाकाकू आणि वसंतकाका डब्लिनला राहायचे. आयर्लंडमधलं नव्हे, आमच्या कोलंबस शहराजवळचं. काका एका कंपनीत इंजिनिअर, आणि काकू आम्हा सगळ्या उपाशी विद्यार्थ्यांच्या अन्नदात्या. दिवाळीच्या जेवणाला काकूंनी 'तुमच्या त्या बाईंनाही आणा' म्हटलं. काही पथ्य आहे का, विचारलं. बाई म्हणाल्या, ओहायोत आल्यापासून जिभेला पथ्यच चाललंय, ते मोडायला येते.

काकूंनी मुद्दाम दाण्याची आमटी केली होती. बाईंनी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी.

"हे माझ्या आईचं सूप आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं?" काकू म्हणाल्या. "उपासाला करतो आम्ही."

"उपासाला? म्हणजे हे खाऊन तुम्ही म्हणता की आम्ही जेवलो नाही?" बाईंनी वाटी पुन्हा उचलली. "हा धर्म मला चालेल. पण यातली कोंबडी कुठे गेली?"

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग भेंडीची पाळी आली. काकूंची भेंडी कुरकुरीत, एकही तार नाही, पूर्ण कोलंबसात प्रसिद्ध. बाईंनी चाखली आणि हळहळल्या, "तार काढून टाकलीत! बाई गं, तार हीच तर भेंडी. तुम्ही भेंडीचा आत्मा घालवून तिची कातडी वाढताय." दोघी स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आलेल्या ताटलीतली भेंडी चमच्यातून खाली सुटत नव्हती. वसंतकाकांनी ती निमूट संपवली. त्यांचा संसार कसा टिकला हे मला त्या दिवशी कळलं.

जेवता जेवता काकूंची मिनू, वय शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेचं, बाईंना करंजीची बशी द्यायला आली. बशी डाव्या हातात. एकाच क्षणी दोन बायका ओरडल्या. काकू मराठीत, "उजव्या हातानं!" आणि बाई इंग्रजीत, "राइट हँड!"

मिनू दचकून म्हणाली, "बट आय ॲम लेफ्ट-हँडेड!"

ओरडून झाल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बाई इतक्या हसल्या, की डोक्यावरचं कापड सुटायच्या बेताला आलं. मिनूला जवळ घेऊन म्हणाल्या, "मी पण."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडेही डाव्या हातानं द्यायचं नाही, घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही, हात हलवून निरोपही द्यायचा नाही. अपमान समजतात. उजव्या हातात ओझं असलं आणि डावा पुढे करावाच लागला, तर आधी 'सेबे' म्हणायचं, म्हणजे माफी असावी. लहानपणी बाईंचा डावा हात सारखा पुढे यायचा, म्हणून आत्यांनी तो फडक्यानं पाठीशी बांधून ठेवला होता. "माझी पहिली गाठ ती," बाई म्हणाल्या. "पाठीमागे असलेली, न दिसणारी गाठ एका हातानं कशी सोडवायची, यावर मी तेव्हापासून काम करतेय."

उजव्यानं लिहायला त्या शिकल्या. पण विचार करायचा म्हटलं की डावा हात शिवशिवायचा. मग फळ्यापाशी त्यांनी वाटणी केली. जे सिद्ध झालंय, चारचौघांत देण्यासारखं आहे, ते उजव्यानं. जे नुसतं वाटतंय, खरं असावंसं वाटतंय, पण अजून हातात आलेलं नाही, ते डाव्यानं, आणि लिहिण्याआधी 'सेबे' म्हणून. "न सिद्ध झालेली गोष्ट लोकांपुढे करणं हाही अपमानच की," असं त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळी निघताना हातांत डबे, पिशव्या, करंज्यांचा पुडा. बाईंनी ते सगळं बर्फात खाली ठेवलं, उजवा हात मोकळा केला, तो हलवला, आणि पुन्हा सगळं उचललं.

डॉक्टर झाल्या तेव्हा घरच्या वर्तमानपत्रानं त्यांचा फोटो छापला होता. आपल्या देशातून गणितात डॉक्टर झालेली पहिली स्त्री, वगैरे. ते कात्रण ऑफिसात भिंतीवर होतं आणि 'पहिली' या शब्दाखाली बाईंनी स्वतःच डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'सेबे, तपासलेलं नाही.'

पण कुमासीत कुणाला तपासायची गरज वाटली नव्हती. आत्यांनी ते वर्तमानपत्र सगळ्या बाजाराला दाखवलं होतं. आणि इकडे ओहायोत बाईंच्या टेन्युअरची वेळ आली. अमेरिकन विद्यापीठं काही वर्षांनी ठरवतात, या माणसाला कायमचं ठेवायचं की नारळ द्यायचा. मधलं काही नसतं.

"मला घरी जायचंच आहे," एकदा फळा वाळता वाळता बाई म्हणाल्या. "तिथल्या कॉलेजात मुलींना शिवणकामाच्या वर्गातून उठवून गणिताला बसवायचंय. पण मी दारात उभी राहिले की आत्या आधी एकच विचारणार, 'आलीस, की पाठवलं?' पाठवलं म्हटलं की संपलं. परत आलेल्या पार्सलचं कोण ऐकतं? तेव्हा आधी यांनी मला ठेवलं पाहिजे."

ठेवावं की नाही यावर मत द्यायला बाहेरून एक बडे गणिती येणार होते, प्राध्यापक होल्बर्ग. उंच, हडकुळे, बोलायचे कमी. त्यांच्यासमोर बाईंनी आपलं मोठं प्रमेय मांडायचं. आदल्या दिवशी पिकरिंग वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"अजोआ, एक विनंती. उद्या फक्त उजवा हात."

"क्वाकु, उद्याचं सगळं सिद्ध झालेलं आहे."

"प्लीज. तो पाहुणा आहे. त्याला वाटेल हा काहीतरी विधी आहे."

"उजवा," बाईंनी वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच. पुढच्या रांगेत होल्बर्ग डोळे मिटून, शेजारी पिकरिंग डोळे वटारून. बाईंनी फळा पुसला, वाळू दिला आणि सुरुवात केली. काय ते व्याख्यान! खडू उजव्या हातात नुसता नाचत होता. एक लेमा, म्हणजे मोठ्या प्रमेयाआधीची पायरी, झाला, दुसरा झाला, गाठी सुटत होत्या, बसत होत्या. दिलीप माझ्या कानात म्हणाला, "काय सुसाट चालून राहिली रे बाई आज!" पिकरिंग हळूहळू खुर्चीत मागे रेलले.

शेवटची ओळ उरली. बाईंचं प्रमेय एका पिळदार आकारावर बांधलेल्या गाठींबद्दल होतं. गाठींत उजव्या पिळाच्या असतात आणि डाव्या पिळाच्या असतात, एकमेकींची आरशातली रूपं. उजव्यांचं सगळं सिद्ध करून झालं होतं. अशा वेळी गणिती लोक एक वाक्य लिहितात आणि जेवायला जातात. बाईंनीही ते लिहिलं: 'डाव्या पिळाच्या गाठींसाठीही असेच.'

आणि थांबल्या.

टाळ्यांसाठी हात वर आलेले तसेच राहिले. बाई फळ्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू, जशा आम्हाला विचारत तशाच आपुलकीनं त्या म्हणाल्या, "थांबा. मला कोणी सांगितलं?"

सांगायला कुणीच नव्हतं. लोणच्याच्या बरणीला आटे असतात ना, तसा तो पिळदार आकार. उजवीकडे फिरणारं झाकण तिला बसतं. त्याच झाकणाचं आरशातलं रूप तिला बसेलच असं कोणी सांगितलं? आत्यांनी डावा हात बांधला म्हणून जन्मभर तक्रार करणाऱ्या बाईंनी जगातल्या सगळ्या डाव्या गाठी एका ओळीत वाटेला लावल्या होत्या!

न थांबता खाली बसल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं. आम्हाला नाही, पिकरिंगना नाही, डोळे मिटलेल्या होल्बर्गना तर नाहीच.

बाईंनी टॉवेल घेतला. ती ओळ पुसली. फळा वाळेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि या वेळी गप्पा मारल्या नाहीत. मग खडू उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, "सेबे," म्हणाल्या, आणि तीच ओळ वाकड्या अक्षरात पुन्हा लिहिली.

हॉलभर टक् टक् टक् असा आवाज झाला. आम्ही सगळ्या विद्यार्थ्यांनी पेनं खाली ठेवली होती.

होल्बर्गनी डोळे उघडले. "हा कसला आवाज?"

पिकरिंगनी चेहरा हातांत झाकून घेतला. बाईंनी सरळ सगळं सांगितलं, उजवा म्हणजे काय, डावा म्हणजे काय. होल्बर्ग उठले. फळ्याजवळ गेले. त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिले, नाक जवळजवळ टेकवून. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. "इथे टेलिफोन कुठे आहे?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. रात्रीचं जेवण रद्द. त्याच दुपारच्या विमानानं साहेब पसार.

"एक तास," पिकरिंग रिकाम्या हॉलमध्ये म्हणत होते. "एक तास उजवा हात! एवढंच मागितलं होतं!"

"तुम्ही माझं उजव्या हाताचं वचन मागितलंत," बाई म्हणाल्या, "आणि उजव्या हातानं खोटं लिहून दिलं तर ते वचन काय कामाचं, क्वाकु?" पण आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला नाही. त्या दिवशी त्या एकही थर न चढवता, कोट हातात घेऊन बर्फात बाहेर पडल्या. पार्सल परत जाणार असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. बाईंनीही धरलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी दिलीपला म्हटलं, "क्वामे, आता सगळा फळा वापर." दिलीपला इतकं वाईट वाटलं, की तो मुकाट्यानं कोपऱ्यातच लिहीत राहिला.

निकाल वसंत ऋतूवर गेला. तो हिवाळा बाईंनी शैलाकाकूंच्या दिवाणखान्यात काढला. गालिच्यावर नाड्या, लोकर, आणि काकूंच्या सगळ्या लोणच्याच्या बरण्या. काकू चिडायच्या. "अहो, झाकणं तरी परत लावा! आंब्याला हवा लागतेय!" बाईंना हवी होती डावी माणसं, आणि समोर बसली होती मिनू. बाई सांगायच्या, "बांध." मिनू डाव्या हातानं बांधायची आणि म्हणायची, "धिस इज सो ईझी, अजोआमावशी." बाई ती गाठ उलटीसुलटी करून बघायच्या. "उजव्या हाताला हे सुचलंच नसतं," म्हणायच्या. हळूहळू त्यांचा स्वतःचा डावा हातही दोरीला लागला. जन्मात पहिल्यांदा तो नुसता विचार करत नव्हता, काम करत होता.

एक दिवस काकूंच्या घरून मला फोन आला. पलीकडे बाई ओरडत होत्या, "याव! डावे ऐकत नाहीत!"

"काय झालं?"

"डाव्या गाठी माझं प्रमेय मानत नाहीत! एकही नाही! त्यांचा कायदाच वेगळा आहे. मी लहानपणापासून सगळ्यांना हेच सांगतेय!"

मागून काकूंचा आवाज आला, "आधी झाकणं लावा म्हणावं!"

प्रमेय अर्धं मोडलं होतं, पण मोडलेल्या अर्ध्यातून दुसरं, त्याहून सुंदर प्रमेय निघालं होतं. आणि त्याच सुमारास होल्बर्गनी पिकरिंगना फोन केला. कारण असं, की होल्बर्गच्या स्वतःच्या एका गाजलेल्या प्रमेयाचा शेवट 'डाव्यांसाठीही असेच' या ओळीवर झाला होता. त्या दिवशी धावले ते घरी जाऊन तपासायला. डाव्यांसाठी तसं नव्हतं. माणूस महिनोन्महिने झोपला नव्हता. "तिला तुम्ही ठेवणार नसाल," ते पिकरिंगना म्हणाले, "तर लगेच सांगा. आम्ही नेतो."

बाईंना टेन्युअर मिळालं. पिकरिंग स्वतः फुलं घेऊन वर्गात आले, टायची गाठही या वेळी सैल नव्हती. बाईंनी फुलं उजव्या हातानं घेतली, मनापासून आभार मानले आणि सांगितलं, की त्या उन्हाळ्यात त्या कुमासीला परत जातायत.

"पण आम्ही तुम्हाला ठेवलंय!" पिकरिंग जवळजवळ किंचाळले.

"म्हणून तर जाता येतंय, क्वाकु."

घानात तेव्हा दिवस वाईट होते. दुकानांत सामान नव्हतं, तिथले प्राध्यापक मिळेल त्या देशात निघून चालले होते. दिलीपनं धीर करून ते बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "सगळे निघून गेले म्हणजे फळा रिकामा असेल. मला एक ओला टॉवेल पुरतो."

कोलंबसच्या विमानतळावर आम्ही सगळे होतो. काकूंनी दाण्याच्या कुटाचा डबा दिला आणि बजावलं, "यात कोंबडी घालू नका." बाईंनी घालणार नाही असं सांगितलं, पण काकूंच्या डोळ्यांकडे बघणं टाळलं. मिनूनं डाव्या हातानं बांधलेली एक नाडी दिली. ती बाईंनी डोक्याच्या कापडात खोचली. पिकरिंग आले, आणि जाताना त्यांनी काय करावं? स्वतःचा टाय सोडून बाईंच्या हातात ठेवला. "ही गाठ तुम्ही फार वर्षं बघत होतात," म्हणाले.

दिलीपनं विचारलं, "बाई, परत भेटाल ना?" हे त्यानं मराठीत विचारलं, घाईत. पण त्यांना कळलं. त्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, जसं पहिल्या दिवशी बघितलं होतं, कोपरा दाखवल्यावर.

मग त्या आत गेल्या. सिक्युरिटीपलीकडे वळून उभ्या राहिल्या. पिशव्या खाली ठेवल्या. उजवा हात पूर्ण मोकळा होता, मी नीट बघितलं. आणि ज्या बाईंनी सगळं ओझं बर्फात ठेवून उजव्या हातानंच निरोप दिला होता, त्यांनी डावा हात वर केला, डोक्याच्या कापडाएवढा उंच, आणि मजेत हलवला. ओठ हलले. काचेतून ऐकू आलं नाही, पण शब्द कुठला ते आम्हाला ठाऊक होतं.

शैलाकाकू डोळे पुसत होत्या. माझंही तसंच काही चाललं होतं. दिलीपनं मला कोपरानं ढोसलं.

"रडतो काय बे," तो म्हणाला. "हात बघ कोणता हाय. पेन खाली ठेव."